युद्धं मोजायला परदेशी यायचंय म्हणतोस, तर

तुझा प्रश्न दोनदा वाचला. कल्याणला राहतोस, कलिन्याला राज्यशास्त्राच्या एम.ए.चं शेवटचं वर्ष आहे, सशस्त्र संघर्ष आणि लष्करी डावपेच यांवर काम करायचंय, आणि स्वीडन, नॉर्वे की लंडन हे ठरत नाहीये. वर बाबा विचारतायत, "तिकडे जाऊन युद्धं मोजणार, पण पगार कोण देणार?" खरं सांगू का, बाबांचा प्रश्न तुझ्या प्रश्नापेक्षा चांगला आहे. मी मूळची लालबागची. स्वीडनमधल्या उप्सालात येऊन अकरा वर्षं झाली, आणि त्यातली बरीचशी खरोखरच युद्धं मोजण्यात गेली, म्हणजे कुठे कोण लढलं आणि किती मेले याची नोंद ठेवण्यात.

आधी डावपेचांचं बघू. बाहेरच्या देशांत या विषयातल्या बऱ्याच नोकऱ्या सरकारी संरक्षण संस्थांत किंवा त्यांची कामं घेणाऱ्यांकडे असतात. तिथे सुरक्षा तपासणी होते, अनेकदा नागरिकत्वाचीच अट असते. १९४८ पासून चालणाऱ्या अमेरिकेच्या रँड या संशोधन संस्थेचं नाव तू मोठ्या आशेने लिहिलंयस, पण तिथल्याही बऱ्याचशा लष्करी कामाच्या दारात भारतीय पासपोर्ट अडतो. त्यामुळे सैन्य, शस्त्रं, सीमा हाच तुझा ध्यास असेल तर गाडी दिल्लीची पकड. यशवंतराव संरक्षणमंत्री असताना १९६५ साली उभी राहिलेली आयडीएसए ही संरक्षण अभ्यासाची संस्था तिथे आहे, आता तिला पर्रीकरांचं नाव आहे. लष्करी विषयांवर काम करणारी, १८७० पासूनची युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन आहे. पुणे विद्यापीठात संरक्षण आणि सामरिक अभ्यासाचा स्वतंत्र विभाग आहे. आणि मुंबईत परराष्ट्र धोरणाचा अभ्यास करणारं गेटवे हाउस आहे, लोकलच्या पासावर जाता येईल असं. लंडनला किंग्ज कॉलेजचा वॉर स्टडीज विभाग शिकायला उत्तम, त्याबद्दल वाद नाही. पण शिकणं वेगळं आणि तिथे टिकणं वेगळं. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती मिळाली तर शिक्षण संपल्यावर दोन वर्षं परत मायदेशी राहावंच लागतं, हेही बाबांना आत्ताच सांगून ठेव.

परक्या माणसाला इकडे शिरकाव मिळतो तो मोजणीच्या कामात.

यात संस्था आणि विद्यापीठ यांची गल्लत करू नकोस. माझी झाली होती. दादरच्या एका एजंटाने मला "सिप्रीत ॲडमिशन करून देतो" म्हणून पंधरा हजार घेतले. सिप्री ही संशोधन संस्था आहे, तिथे पदवी मिळतच नाही, हे मला पैसे गेल्यावर कळलं. ओस्लोच्या प्रिओ या शांतता संशोधन संस्थेचंही तसंच. शिकायचं विद्यापीठात; या संस्थांत पुढे जमलं तर इंटर्न किंवा सहायक म्हणून जायचं.

प्रत्येक संस्थेचा स्वभाव वेगळा आहे. प्रिओ १९५९ ची, योहान गाल्टुंगने सुरू केलेली. युद्ध का होतं आणि शांतता कशी टिकते यावर तिथे लोक हाडाची काडं करतात. सिप्री स्टॉकहोमला खेटून सोल्नात आहे. स्वीडनने दीडशे वर्षं युद्ध केलं नाही, त्याची आठवण म्हणून १९६६ साली ती काढली. तिचा जीव शस्त्रांत आणि पैशांत. कोणी कोणाला काय विकलं याचा हिशेब १९५० पासूनचा, लष्करी खर्च १९४९ पासूनचा, सगळा फुकट. लंडनची आयआयएसएस ही सामरिक अभ्यासाची संस्था १९५८ ची. तिचं 'मिलिटरी बॅलन्स' दर वर्षी निघतं आणि कुठल्या देशाकडे किती रणगाडे, किती जहाजं हे त्यात मिळतं. महाग आहे, विकत घेऊ नकोस, ग्रंथालयात मागच्या वर्षाची प्रत मिळाली तरी तुझं काम भागेल.

सिप्रीच्या आकड्यांत एक खड्डा आहे आणि मी त्यात तोंडावर पडलेय. शस्त्र आयातीचा आकडा ते टीआयव्ही नावाच्या मापात देतात. ते डॉलर नव्हेत. शस्त्राची लष्करी कुवत किती, यावरून बेतलेलं ते माप आहे. सौदा कितीला झाला याच्याशी त्याचा संबंध नाही. मी पहिल्याच निबंधात ते डॉलर समजून भारताच्या संरक्षण अंदाजपत्रकाशी भागाकार केला होता. शिकवणाऱ्या बाईंनी त्या पानावर लाल पेनाने फक्त एक प्रश्नचिन्ह काढलं. २०२०-२४ या काळात युक्रेन जगातला सगळ्यात मोठा शस्त्र आयातदार आणि भारत दुसरा, ही बातमी तू वाचली असशीलच. तो क्रम याच मापावर लागलेला आहे.

आता संघर्षांच्या मोजणीकडे येते. संघर्षांची नोंद ठेवणारी उप्साला विद्यापीठाची यूसीडीपी आणि तसंच काम करणारी ॲक्लेड ही दोन नावं तू एका दमात लिहिलीयस, जणू दादर पूर्व आणि दादर पश्चिम. तसं नाही. यूसीडीपीत सरकार एका बाजूला हवं, समोर नाव असलेली संघटना किंवा दुसरं सरकार हवं, भांडण सत्तेवरून किंवा प्रदेशावरून हवं, आणि वर्षात लढाईतले किमान २५ मृत्यू हवेत. हजारावर गेलं की ते युद्ध. सरकार नसलेले गट आपसांत लढले तर त्याचा खाना वेगळा, नि:शस्त्र लोकांना मारलं तर आणखी वेगळा. या मोजणीने २०२४ साली जगात सरकार सामील असलेले ६१ संघर्ष होते, १९४६ पासूनचा तोवरचा उच्चांक. ॲक्लेडला असा उंबरठा नाही. एकही माणूस न मेलेला आझाद मैदानातला मोर्चासुद्धा तिथे घटना म्हणून येतो, आणि भर दर आठवड्याला पडते. खातं मात्र उघडावं लागतं. पण ॲक्लेडमध्ये २६/११ शोधशील तर हाती काही लागणार नाही, कारण भारताची नोंद तिथे २०१६ पासूनची आहे. त्यासाठी १९८९ पासूनची यूसीडीपीची घटनावार यादी नाहीतर दिल्लीचं साउथ एशिया टेररिझम पोर्टल बघायचं. यूसीडीपी आणि ॲक्लेड यांची बेरीज करून तक्ता बनवणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्यात बसू नकोस.

हजाराची अट आणखी जुनी आहे, १९६३ साली मिशिगनमध्ये सुरू झालेल्या 'कोरिलेट्स ऑफ वॉर' या युद्धांची यादी ठेवणाऱ्या प्रकल्पाची. भारताचे अधिकृत ५२७ जवान शहीद झाले तरी त्यांच्या यादीत कारगिल युद्ध म्हणून आहे, कारण तिथे दोन्ही बाजूंचे मृत मोजतात.

हे सगळं फुकट आहे आणि कल्याणच्या घरात बसून उतरवता येतं. मग इकडे यायचं कशाला? कारण आकडा कसा बनतो हे फाइल उघडून दिसत नाही. आकडा बातमीतून बनतो, आणि बातमीची भाषा तुला येते, इथल्या बहुतेकांना येत नाही. तुझं भांडवल हेच.

'चकमक' हा शब्द घे. २०१८ च्या एप्रिलमध्ये गडचिरोलीत बोरिया-कसनासूरला पोलिस आणि माओवादी यांच्यात चकमक झाली. पहिल्या बातमीत सोळाच्या आसपास मृत, मग इंद्रावतीतून मृतदेह निघत गेले आणि दोन दिवसांत आकडा जवळपास दुप्पट झाला. मृतांत माओवादी नसलेली गावातली मुलंही होती, असा आरोप पुढे झाला. आता तू नोंद करणारा आहेस. पहिल्या दिवसाची बातमी धरणार की आठवड्यानंतरची? 'चकमक' म्हणजे दोन्हीकडून गोळीबार असं मानणार, की आपल्याकडे हा शब्द किती सहज वापरतात हे लक्षात ठेवणार? आरोप खरा मानला तर त्या मुलांचा खानाच बदलतो. म्हणूनच यूसीडीपी एका घटनेला तीन आकडे देते: कमीत कमी, जास्तीत जास्त आणि त्यांना सर्वांत योग्य वाटलेला. वर्तमानपत्रं फक्त शेवटचा उचलतात. आणि मुंबईतल्या टोळीवाल्याचं एन्काउंटर या हिशेबात येतच नाही. त्याला ना सरकार उलथवायचं होतं, ना प्रदेश तोडून हवा होता.

दिवसभर हे वाचायचं म्हणजे "मजूर, नाव अज्ञात" अशा ओळी वाचायच्या. पहिल्या वर्षी मला रात्री जेवण जात नसे. आता जातं, आणि त्याचंही कधी कधी वाईट वाटतं.

व्यवहाराचं पटकन सांगते. स्वीडनमधल्या सगळ्या विद्यापीठांचा अर्ज एकाच पोर्टलवर, मुदत साधारण जानेवारीच्या मध्यापर्यंत, अर्ज फी ९०० क्रोनर. युरोपबाहेरच्यांना २०११ पासून शिक्षणाची फी आहे. नॉर्वेतही २०२३ पासून लागली, त्यामुळे "नॉर्वे फुकट" हा जुना सल्ला विसर. पहिल्या सत्राची फी व्हिसाच्या अर्जाआधी भरावी लागते आणि राहण्याखाण्याचे पैसे तुझ्या स्वतःच्या खात्यात दिसावे लागतात, बाबांच्या नव्हे. पीएच.डी. मात्र इथे पगारी नोकरी असते. बाबांच्या प्रश्नाचं एवढंच एक सुखाचं उत्तर आहे, पण जागा मोजक्या आणि अर्ज जगभरातून. मधल्या काळात मिळतं ते सहा-सहा महिन्यांचं कंत्राट. बाकी कुठलीही नोकरी हवी तर स्वीडिश शिकावीच लागते. डिसेंबरात दुपारी तीनच्या आत सूर्य बुडतो. घरून कितीही स्वेटर आणलेस तरी इथे आल्यावर पुन्हा घ्यावे लागतील, तेव्हा बॅगेत ती जागा पोह्यांना दे.

अर्जाच्या पत्रात भारत-पाकिस्तानवर दोन पानं लिहू नकोस, इकडे तसली पत्रं ढिगाने येतात. त्याऐवजी एक काम कर. ९२-९३ च्या मुंबईच्या दंगलींत श्रीकृष्ण आयोगाने ९०० मृत्यू नोंदवले, धर्मवार फोड देऊन. तो अहवाल काढ, यूसीडीपीच्या घटनावार यादीत त्याच दोन महिन्यांची मुंबई गाळून घे, आणि दोन्ही शेजारी ठेव. कुठली घटना कुठल्या खान्यात गेली, कुठली सुटली, पोलिस गोळीबारातले मृत कुठे बसवले, हे दिवसवार लिहून काढ. हे काम आर या संगणकाच्या भाषेत कर, आकडेमोडीसाठी ती वापरतात. ती फुकट आहे आणि इथे पहिल्याच सत्रात लागते.

तक्ता झाला की मला पाठव, अर्धा झाला असला तरी चालेल. हिवाळ्यात इकडे संध्याकाळचे पाच म्हणजे तुझ्याकडे रात्रीचे साडेनऊ. त्या वेळेला मी मोकळी असते.