जिथे कमी मुलांना घेतात, तेच चांगलं का?

"मॅडम, जिथे कमी मुलांना घेतात तेच विद्यापीठ चांगलं ना? मग कर्ज थोडं वाढलं तर वाढलं." ठाण्यात परदेशी शिक्षणाचा सल्ला घ्यायला माझ्याकडे येणारे बरेच पालक हे आडून आडून विचारतात, कळव्याच्या या बाबांनी सरळ विचारलं. मुलगी मेकॅनिकल इंजिनीअर, ओढा रोबोटिक्सकडे, मास्टर्स जर्मनीत करायचं. एकीकडे म्युनिकचं टीयूएम, दुसरीकडे आखेनचं आरडब्ल्यूटीएच, दोन्ही तांत्रिक विद्यापीठं. दोन्हींचे 'ॲक्सेप्टन्स रेट', म्हणजे शंभर अर्जांमागे किती जणांना घेतात ते, बाबांनी नेटवरून वहीत उतरवून आणले होते. आई शेजारी गप्प.

वही मी मिटायला सांगितली. तिथे निवड कोर्सगणिक होते. अख्ख्या विद्यापीठाच्या टक्क्यातून हाती काही लागत नाही. टीयूएमच्या बऱ्याच मास्टर्सना आधी कागदपत्रांवर गुण देतात, मग काहींना मुलाखतीला बोलावतात. आखेनला बी.ई.त कुठले विषय किती क्रेडिटचे झाले ते काटेकोर बघतात. मुलीचा सीजीपीए बघून बाबा निर्धास्त होते, मला तिच्या सिलॅबसची धाकधूक होती.

पैशाचं म्हणाल तर टीयूएमने 2024-25 च्या हिवाळी सेमिस्टरपासून युरोपीय संघाबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना फी लावली आहे. मास्टर्सला कोर्सप्रमाणे सेमिस्टरला 4,000 ते 6,000 युरो. चार सेमिस्टर, युरो शंभर रुपयांना धरला तर 16 ते 24 लाख. शिवाय म्युनिकचं घरभाडं.

"म्हणजे आखेन फुकट!" मुलगी म्हणाली.

मेख तिथेच होती. आरडब्ल्यूटीएचच्या नियमित कोर्सना ट्यूशन फी नाही, सेमिस्टर शुल्क सुमारे 300 युरो. पण तिने निवडलेला इंग्रजी माध्यमाचा रोबोटिक्स कोर्स विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ॲकॅडमीचा, आणि त्याला सेमिस्टरला हजारो युरो फी! मेकॅनिकलचे बिनफीचे बरेच कोर्स जर्मन भाषेत. हे तिघांनाही नवीन होतं.

मग मी कर्जाची मर्यादा विचारली. पंधरा लाख. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीकच पैसे काढता येणाऱ्या खात्यात, दाखवायचे, म्हणजे बारा लाख तिथेच गेले. फी माफी मिळाली तरच टीयूएम, असं ठरलं. अर्ज तिथेही करायचा. आखेनच्या नियमित कोर्ससाठी मात्र जर्मन हवं, म्हणजे वर्षभर थांबणं आलं.

बाबांना वर्ष वाया जाण्याची धास्ती. रबाळ्याला नोकरी करत, पगार घेत, भाषा शिकत घालवलेलं वर्ष वाया कसं, ते मला काही पटेना. तेवढ्यात आई पहिल्यांदा बोलली, "राहू दे की वर्षभर घरी."