१९९९-२०००च्या सुमारास छोट्या आयएसपीसाठी (इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीसाठी) पोर्टमास्टर, असेंड मॅक्स, टोटल कंट्रोल आणि सिस्को यांपैकी कोणता डायल-अप सर्व्हर, म्हणजे ग्राहकांच्या मोडेमचे फोन उचलणारा डबा, बरा होता?

दोन ई-वनच्या (एक्स्चेंजकडून येणाऱ्या डिजिटल लाइनच्या) पुढे जायचं नसेल तर पोर्टमास्टर ३. पुढे जायचं असेल आणि खिशात पैसा असेल तर सिस्को एएस५३००. त्या काळात मी जिल्ह्याच्या ठिकाणी एका छोट्या आयएसपीत सर्व्हर आणि ग्राहकांच्या तक्रारी दोन्ही सांभाळायचो, त्यामुळे माझं मत फोन उचलणाऱ्याचं आहे, खरेदी विभागाचं नाही.

आधी एक गोष्ट. नोव्हेंबर १९९८मध्ये आपल्याकडे खासगी आयएसपींना दार उघडलं, तोवर ५६केचे (सेकंदाला ५६ किलोबिटचे) मोडेम दुकानात आले होते. ५६के चालायला आयएसपीच्या बाजूची लाइन डिजिटलच लागते. रॅकवर सुटे मोडेम रचायचे, प्रत्येकाला एक साधी टेलिफोन लाइन द्यायची आणि सगळं पोर्टमास्टर २ला जोडायचं, ही जुनी पद्धत तिथेच बाद झाली, तिच्यात ३३.६च्या वर जाताच येत नाही. म्हणून एक्स्चेंजकडून ई-वनवर पीआरआय (अनेक कॉलची डिजिटल टेलिफोन जोडणी) घ्यायची, एका ई-वनवर ३० कॉल. अमेरिकन माहितीपत्रकात पोर्टमास्टर ३चे ४८ पोर्ट दिसतात, तो टी-वनचा, म्हणजे अमेरिकेतल्या २४ कॉलच्या लाइनचा हिशेब. आपल्याकडे तेच ६०.

लिव्हिंग्स्टनचा पोर्टमास्टर अमेरिकेतल्या छोट्या आयएसपींचा लाडका, आणि का ते हातात घेतल्यावर कळायचं. ‘सेट’, ‘शो’, ‘सेव्ह ऑल’ एवढ्यावर निम्मं काम व्हायचं. शिवाय रेडियस (लॉगिन तपासायची आणि वापराची नोंद ठेवायची पद्धत) मुळात लिव्हिंग्स्टननेच काढलेला; त्यांचा सर्व्हर सोर्सकोडसकट फुकट मिळायचा. असेंड मॅक्समध्ये मेन्यूच्या आत मेन्यू. सवय झाली की बोटं आपोआप चालतात, पण नवा पोरगा रात्रपाळीला असला की फोन मलाच. टोटल कंट्रोल म्हणजे भली मोठी चासी, हायपर डीएसपी नावाच्या एकेका मोडेम-कार्डावर अख्खं ई-वन. मोठ्या शहरातल्या गर्दीला ठीक, आमच्यासारख्यांना हत्ती पोसण्यासारखं. सिस्को महाग, पण आयओएस (सिस्कोच्या डब्यातलं सॉफ्टवेअर) येणारा माणूस पुण्या-मुंबईत सहज मिळायचा, आणि मोडेमचा लॉग उघडला की कॉल का तुटला हे बऱ्यापैकी कळायचं.

पण पोर्ट मोजून तुलना करणाऱ्यांचं मला नेहमी नवल वाटायचं. खरी परीक्षा ग्राहकाच्या घरातल्या मोडेमशी जुळण्याची. यूएस रोबोटिक्सचा एक्स२ आणि रॉकवेल-ल्यूसेंटचा के५६फ्लेक्स हे एकमेकांशी ५६केवर बोलत नसत. १९९८मध्ये व्ही.९० हे ५६केचं सामायिक मानक आलं, भांडण कागदावर मिटलं. प्रत्यक्षात असेंबल्ड पीसीत स्वस्तातला विनमोडेम (बरंचसं काम पीसीवर ढकलणारा) असायचा, तो व्ही.९०वर जोडायचा प्रयत्न करायचा, किंचाळायचा, पाच मिनिटांत पडायचा. गावातली तार जुनी, मध्ये ऑफिसचा ईपीएबीएक्स (अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज) असेल तर विषयच संपला, कारण ५६केला वाटेत एकच ॲनालॉग-डिजिटल रूपांतर चालतं. अशा वेळी विंडोज ९८मध्ये मोडेमच्या ‘एक्स्ट्रा सेटिंग्ज’च्या चौकटीत आदेश टाकून मोडेमला व्ही.३४वर (३३.६पर्यंतच्या जुन्या मानकावर) बांधून ठेवायचं. कनेक्शन दिसायला २८.८, पण तासभर टिकायचं. हा आदेश चिपसेटनुसार वेगळा, म्हणून फोनवर पहिला प्रश्न, “काका, मोडेमच्या डब्यावर काय लिहिलंय?” डबा कधीच सापडायचा नाही.

म्हणून विक्रेत्याला विचारायचं ते हे: सर्व्हरमधल्या मोडेमचा नवा कोड (आतलं सॉफ्टवेअर) किती वेळा येतो, फुकट मिळतो का, आणि तो चढवायला सगळे कॉल तोडावे लागतात का?

दुसरी गोष्ट बिलिंगची, जिच्याबद्दल माहितीपत्रकात अवाक्षर नसायचं. ग्राहक २५ किंवा ५० तासांचं पॅक घ्यायचा. लॉगिन झालं की डायल-अप सर्व्हरच्या डब्याकडून रेडियसला ‘स्टार्ट’, लाइन सुटली की ‘स्टॉप’. तास ‘स्टॉप’मधूनच कळतात. आता वीज गेली आणि यूपीएसनेही मान टाकली, तर चालू असलेल्या साठही जणांचे ‘स्टॉप’ येतच नाहीत. नोंदीत ते सगळे ऑनलाइनच. एका वेळी एकच लॉगिन अशी अट घातली असेल तर वीज आल्यावर त्यांना आत येता येत नाही, आणि मग फोन घणघणतो. डबा पुन्हा सुरू होताना ‘अकाउंटिंग-ऑन’ पाठवत असेल आणि तुमचं सॉफ्टवेअर ते ऐकून जुन्या नोंदी बंद करत असेल, तरच सुटका. अधूनमधून तासांची खबर देणारं ‘इंटरिम अपडेट’ मिळालं तर फारच उत्तम. त्याचं आरएफसी (इंटरनेट तंत्राचा जाहीर दस्तऐवज) जून २०००मध्ये आलं. भारनियमनाच्या जिल्ह्यात मी या एका सोयीसाठी वीस पोर्ट कमी घेतले असते.

कंपनी टिकेल का, हाही प्रश्न होताच. ल्यूसेंटने १९९७मध्ये लिव्हिंग्स्टन घेतली, १९९९मध्ये असेंड, आणि मग एकाच घरात दोन भाऊ झाल्यावर पोर्टमास्टर मागे पडला. तरी ६० पोर्टांचं काम असलेल्याला मी तोच सुचवायचो. फक्त अमेरिकेतून जुना मागवला तर मागचे पोर्ट टी-वनचे नाहीत ना, हे पैसे देण्याआधी बघून घ्यावं लागायचं. तसा डबा आपल्या एक्स्चेंजला जोडता यायचा नाही.