पतपेढीचा शिक्का असलेली जुनी ओम्नी: पैसे द्यायच्या आधी एवढं करा

पारोळ्याहून तुम्ही विचारलंत, ही गाडी घेऊ का: पहिलीच गाडी, १९९८ ची मारुती ओम्नी व्हॅन, मागे झोपायला पट्ट्या वेल्ड करून केलेला ओटा, आणि आरसी बुकावर पतपेढीची एचपी, म्हणजे कर्जाच्या बोजाची नोंद. विकणारा म्हणतोय, "कर्ज केव्हाच फिटलं, शिक्का नुसता राहून गेलाय." भाऊ, मी याच वाक्यावर विश्वास ठेवला होता आणि गाडीच्या किमतीपेक्षा ते मला महाग पडलं. टायर, इन्शुरन्स तुम्ही बघालच, म्हणून ते सोडून देतो.

कर्ज फिटलं म्हणून एचपी आपोआप उतरत नाही. फॉर्म ३५ वर मालकाची आणि कर्ज देणाऱ्या संस्थेची सही लागते. ती नोंद उतरत नाही तोवर २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरूनही गाडी तुमच्या नावावर सरळ होत नाही. नोटरीचा कागद इथे कामाचा नाही. आपल्या खान्देशात त्या काळातल्या कितीतरी पतपेढ्या अवसायनात गेल्या, म्हणजे बंद होऊन त्यांचा हिशेब मिटवायला सरकारने अवसायक नेमला. अशा वेळी सही अवसायकाची, सोबत त्याच्या नेमणुकीच्या आदेशाची प्रत. अवसायक कोण हे सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात कळतं. खरी अडचण पुढे येते: अवसायक बदललेला असतो, कर्जखात्याचं रजिस्टर आधीच्याकडे राहिलेलं असतं आणि मूळ मालकाकडे खातं नंबरसुद्धा नसतो. एका कार्यालयात तर अर्जाची पोचच देत नव्हते. म्हणून सांगतो, अर्ज टेबलावर ठेवून येऊ नका. आवक विभागात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. उत्तर आलं नाही तर त्याच क्रमांकाचा हवाला देऊन माहिती अधिकारात विचारा.

ही धावपळ विकणाऱ्याने करायची, तुम्ही नाही. इसार द्या, स्टॅम्पवर लिहून घ्या, बाकी रक्कम एचपी उतरल्यावरच. त्याने कां-कूं केली तर गाडी सोडा. कितीही चकाचक असली तरी सोडा.

नोंदणी २०२३ मध्ये पुन्हा झाली का तेही बघा. खाजगी गाडीला पहिली १५ वर्षं, मग दर ५ वर्षांनी नूतनीकरण. उशीर झाला तर महिन्याला ५०० रुपये दंड, आणि २० वर्षांवरच्या मोटारीची फी २०२५ पासून १०,००० झाली आहे. पर्यावरण कर वेगळा. (माझी माहिती खाजगी नोंदणीपुरती आहे, टुरिस्ट परमिटची गाडी असेल तर आरटीओत विचारून घ्या.)

"व्हिंटेज" म्हणून जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका. २०२१ च्या नियमात व्हिंटेज म्हणजे ५० वर्षांवरची गाडी, आणि ती रोज रस्त्यावर चालवायला परवानगीच नाही.

आता पत्रा. मॅट आणि प्लायवूड उचलायला लावा. ड्रायव्हरच्या पायाखाली, सरकत्या दाराच्या खालच्या पट्टीत आणि मागच्या चाकांच्या कमानीत स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबा. आत गेलं तर पत्रा संपलाय. रंगावर मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे खाली पुट्टी आहे. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे इथेच वापरलेली गाडी बरी निघते. कोकणातून आलेली असेल तर दुप्पट वेळ घालवा.

ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली. मे महिन्यात पारा ४४-४५ वर गेला की बसणाऱ्याच्या खालून भट्टी पेटल्यासारखी धग येते. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडा: पाणी विटकरी असेल तर कूलंट न टाकता साधं पाणीच भरत आलेत, वर तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील) गेल्याचा संशय घ्या. मग चार माणसं बसवून चाळीसगावकडून कन्नड घाट चढवा. ७९६ सीसीची गाडी हळू चढेल, ते चालेल. तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकला तर सौदा तिथेच थांबवा. उतरताना दुसऱ्या गिअरमध्येच या, नुसत्या ब्रेकवर नको.

ओट्याचं वेल्डिंग काढून टाका. गाडीत कायमचा बदल आरटीओच्या परवानगीशिवाय चालत नाही, तपासणीत तेच आडवं येतं. १२ एमएम प्लायचा, सहज उचलून काढता येणारा खोका करा. आरसीवर आहेत तेवढ्या सीट परत बसल्या पाहिजेत. आधी पुढच्या सीटच्या पाठीपासून मागच्या दारापर्यंत टेप लावा आणि स्वतः आडवे होऊन बघा. गॅस किटची टाकी मागे असेल तर ओट्याची जागा तीच खाते, आणि किटची नोंद आरसीवर नसेल तर ती वेगळी डोकेदुखी.

पंख्याला वेगळी बॅटरी घ्या. १२ व्होल्टचा २५ वॉटचा पंखा साधारण २ अँपिअर करंट घेतो, म्हणजे ८ तासांच्या रात्रीला १६-१७ अँपिअर-अवर. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून ४० अँपिअर-अवरची पुरते. फ्यूज मात्र बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरात हवा. पंख्याजवळ लावला तर मधली वायर घासून शॉर्ट झाल्यावर तो उडणारच नाही.