‘कोडिंग येत नाही, मग सिस्टिम अ‍ॅनालिसिस झेपेल का?’

नवऱ्याच्या नोकरीमुळे कॅलिफोर्नियात आलेल्या मराठी मैत्रिणी हा प्रश्न मला नेहमी विचारतात. त्यातल्या एकीची गोष्ट, ओळख पटणार नाही इतपत बदलून सांगते.

वय 36, बी.कॉम., मुलगा लहान म्हणून पडलेली मोठी गॅप. कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, कॉम्प्युटर सिस्टिम्स अ‍ॅनालिसिस शिकावं असं तिच्या मनात होतं. नवरा म्हणे, शिकायचंच तर मास्टर्स कर. तिला धास्ती होती ती वर्गातल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांची.

लग्नाआधी ती सांगलीकडच्या एका पतसंस्थेत हिशेब बघायची. मी विचारलं, “तिथं कॉम्प्युटर आला तेव्हा तुम्ही होतात?” मग ती मोकळेपणानं बोलू लागली. सॉफ्टवेअरवाल्यानं पिग्मीचे पैसे गोळा झाले त्याच दिवशी जमा होतात असं गृहीत धरलं होतं. प्रत्यक्षात एजंट बाजारपेठ फिरून येईपर्यंत कॅश बंद झालेली असे. ग्राहकाच्या कार्डावर एक तारीख, खात्यात दुसरी. तिनं त्याच्यासमोर कार्डं मांडली, तेव्हा कुठं त्यानं दोन्ही तारखांची सोय केली.

“अहो, अ‍ॅनालिस्टचं निम्मं काम हेच आहे,” मी म्हटलं. काम खरोखर कसं चालतं ते माणसांना विचारायचं, आकृतीत मांडायचं, प्रोग्रॅमरला समजेल असं लिहायचं. एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) आणि थोडं प्रोग्रॅमिंग मात्र चुकत नाही, हेही सांगितलं.

मास्टर्सबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पाया नसताना एवढा खर्च अंगावर घेऊ नये. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजची फी एका युनिटला, म्हणजे श्रेयांकाला, 46 डॉलर, म्हणजे तीन युनिटांचा विषय 138 डॉलरला पडतो. एच-4 व्हिसावर (एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला मिळतो तो) शिकायला वेगळा विद्यार्थी व्हिसा लागत नाही. वर्षाहून जास्त वास्तव्य आणि इथंच राहण्याच्या इराद्याचे पुरावे असतील तर रहिवासी दरही मिळू शकतो. नाहीतर फी कितीतरी पट होते. पदवी हाताशी असल्यानं पुन्हा 60 युनिटांच्या असोसिएट डिग्रीमागं न लागता सर्टिफिकेट घ्यावं, असं मी सुचवलं.

एका गोष्टीवर मी फार वेळ दिला, कारण तिथं माणसं पोळतात. एच-4 वर शिकता येतं, पण नोकरीसाठी वर्क परमिट लागतं. ते 2015 पासून काही जोडीदारांना मिळतं, पण त्यासाठी साधारणपणे नवऱ्याची आय-140, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीनं केलेली याचिका, मंजूर असावी लागते. त्यांची अजून झालेली नव्हती. इंटर्नशिपला होकार देण्याआधी वकिलाला विचारा, बिनपगारी असली तरी, असं मी तिला बजावलं.

सिस्टिम्स अ‍ॅनालिसिसचा एकच विषय घेऊन तिनं सुरुवात केली. गटाच्या प्रोजेक्टमध्ये लोकांच्या मुलाखती घ्यायचं काम पोरांनी आपणहून तिच्याकडं सोपवलं. पुढच्या सत्रात डेटाबेस आणि पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा असे दोन विषय एकदम घेतल्यावर ओढाताण झाली. पायथॉन तिनं मुदतीत सोडलं. उन्हाळी सत्रात तोच अभ्यासक्रम थोड्या आठवड्यांत कोंबतात, म्हणून शरद सत्राची वाट बघून तो एकटाच विषय घेतला आणि पास झाली. वर्क परमिट अजून नाही, त्यामुळं उरलेले दोन विषय ती घाई न करता पुरे करते आहे.