ऑगस्टीनने ‘धर्मांतर केले’, त्याचे ‘धर्मांतर झाले’, की तो ‘वळवला गेला’?

प्रश्न असा आहे : चौथ्या-पाचव्या शतकातला ख्रिस्ती धर्मविचारक ऑगस्टीन याच्याविषयीच्या एका लेखात ‘संत ऑगस्टीन यांनी मॅनिकी धर्मातून ख्रिस्ती धर्मात धर्मांतर केले’ असे वाक्य आले आहे, त्यातला ‘धर्मांतर’ हा शब्द बरोबर आहे का, त्याऐवजी ‘मतांतर’ लिहावे का, आणि क्रियापद ‘केले’ असावे की ‘झाले’? विचारणाऱ्याने भर पहिल्या दोन शंकांवर दिला आहे आणि तिसरी जाता जाता जोडली आहे. माझ्या मते खरी मेख त्या तिसऱ्या शंकेतच आहे, पण तिथे पोहोचण्यासाठी आधी नामाचा निकाल लावावा लागेल.

‘धर्मांतर’ या समासाचा संस्कृतातला मूळ अर्थ ‘दुसरा धर्म’ एवढाच. एक सोडून दुसरा घेण्याची क्रिया हा अर्थ मराठीत पक्का झाला. भाषांतर, स्थलांतर, नामांतर आणि हल्ली रोज कानांवर पडणारे पक्षांतर हे शब्दही त्याच घडणीचे. या सगळ्यांत सुटलेले ठिकाण आणि गाठलेले ठिकाण अशी दोन टोके स्पष्ट असतात. शिवाय ‘धर्मांतर’ या शब्दाला मराठीत स्वतःचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात कोणी ख्रिस्ती झाला की शेजारीपाजारी ‘बाटला’ म्हणत. पुढे 1935 साली येवल्यात झालेली डॉ. आंबेडकरांची घोषणा आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात झालेली धम्मदीक्षा यांमुळे ‘धर्मांतर’ म्हटले की जाहीर, विचारपूर्वक आणि सामुदायिक कृतीचे चित्र मराठी वाचकासमोर उभे राहते. ते चित्र चौथ्या शतकातल्या ऑगस्टीनला लावून पाहिले तर जवळजवळ कुठेच जुळत नाही.

ऑगस्टीनचा जन्म 354 साली उत्तर आफ्रिकेतल्या थागास्ते या गावी, म्हणजे आजच्या अल्जीरियातल्या सूक अहरास येथे झाला. आई मोनिका ख्रिस्ती होती. वडील पॅट्रिशियस जुन्या रोमन दैवतांचे आणि आयुष्याच्या अखेरीस बाप्तिस्मा घेतलेले. आपल्या ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनात ऑगस्टीन सांगतो की आईच्या उदरातून बाहेर आल्यापासूनच त्याच्यावर क्रुसाची खूण केली जात होती आणि त्याला ख्रिस्ताचे मीठ चाखवले जात होते. बाप्तिस्म्याच्या उमेदवारांसाठीचा हा त्या काळचा विधी होता. लहानपणी तो आजारी पडला तेव्हा बाप्तिस्म्याची तयारीही झाली होती, पण त्याला उतार पडला आणि ते लांबणीवर गेले. तेव्हा ज्या घरात तो शेवटी परतला, त्याच्या उंबरठ्यावर त्याला पहिल्यापासून बसवलेले होते.

आता दुसरे टोक. मॅनिकी परंपरेचा संस्थापक मानी हा 216 साली मेसोपोटेमियात जन्मला आणि इराणच्या सासानी राजवटीत तुरुंगात मरण पावला. (‘मानी’ म्हणजे स्वाभिमानी हा आपला रोजचा शब्द असल्यामुळे ‘मानीपंथीय’ असे लिहिले की भलताच माणूस डोळ्यांपुढे येतो, म्हणून मी ‘मॅनिकी’ हेच रूप पसंत करतो.) त्याच्या मते प्रकाश आणि अंधार ही दोन अनादी तत्त्वे असून सध्याचे जग ही त्यांची सरमिसळ आहे, आणि वनस्पतींमध्ये अडकलेले प्रकाशाचे कण मोकळे करणे हे साधकाचे काम आहे. पंथात दोन पायऱ्या होत्या : कडक व्रतस्थ असलेले ‘निवडलेले’ आणि त्यांच्यासाठी अन्न आणणारे ‘श्रोते’. निवडलेल्यांनी स्वतः फळ तोडायचे नाही, कारण तोडणे ही हिंसा; श्रोत्याने तोडून आणायचे आणि त्यांनी खायचे, म्हणजे त्यांच्या पोटातून प्रकाश सुटतो. अंजीर तोडताना ते आणि त्याची आई असलेले झाड दुधाचे अश्रू ढाळते असे आपण खरे मानत होतो, हे ऑगस्टीन पुढे स्वतःवरच चिडून लिहितो. अंजिराच्या देठातून पांढरा चीक गळतो हे ज्याने पाहिले आहे, त्याला ही कल्पना कुठून आली असेल ते लगेच कळेल. याच नियमामुळे पंथाबाहेरच्या भुकेल्याला फळाचा घास देणे निषिद्ध ठरे, हा त्याचा खरा संताप होता.

या पंथाला ‘धर्म’ म्हणावे का? मध्य आशियातून चीनपर्यंत पसरलेल्या, स्वतःचे ग्रंथ आणि उतरंड असलेल्या या परंपरेला आशियाच्या संदर्भात धर्म म्हणणेच योग्य आहे. उइगुर या तुर्कवंशीय लोकांच्या खानाने तर आठव्या शतकात ती राजधर्म म्हणून स्वीकारली. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहरातल्या ऑगस्टीनला मात्र ती वेगळ्या वेषात भेटली. मानीच्या ज्या पत्राचा त्याने पुढे प्रतिवाद केला, त्याची सुरुवातच ‘येशू ख्रिस्ताचा प्रेषित मानी’ अशी आहे, आणि आफ्रिकेतले मॅनिकी लोक आपणच खरे, सुधारलेले ख्रिस्ती असल्याचा दावा करत. तेव्हा एकोणिसाव्या वर्षी तिकडे जाताना आपण ख्रिस्ताला सोडतो आहोत असे त्याला वाटण्याचे कारण नव्हते. त्याच्यापुरता ‘पंथ’ हाच शब्द नेमका. (काही जण ‘द्वैतवादी पंथ’ म्हणतात. तेही जपून वापरावे. आपल्याकडे ‘द्वैत’ म्हटले की जीव आणि ब्रह्म यांच्या भेदाचा मध्वाचार्यांचा सिद्धान्त आठवतो, आणि त्याचा मानीशी काही संबंध नाही.)

या पंथात तो सुमारे नऊ वर्षे श्रोता होता आणि त्यातून तो एका झटक्यात बाहेर पडला नाही. ग्रहणे आणि विषुवदिन यांची खगोलशास्त्रज्ञांची गणिते जुळत होती, मानीच्या ग्रंथांतली विधाने त्यांच्याशी जुळत नव्हती. फाउस्टस येईल आणि सगळे सांगेल, असे उत्तर त्याला मिळत राहिले. 383 च्या सुमारास हा नामवंत मॅनिकी आचार्य कार्थेजला आला. बोलायला गोड, माणूस म्हणून आवडावा असा, पण विद्येत बेताचा. आपल्याला यातले कळत नाही असे त्याने सरळ कबूल केले आणि गंमत अशी की त्या प्रामाणिकपणामुळे ऑगस्टीनला तो अधिकच आवडला. पंथावरचा विश्वास मात्र संपला. या टप्प्याला ‘मतांतर’ म्हणता येईल का? अर्थाने जवळ जाते, पण मराठीत ‘याविषयी मतांतरे आहेत’ म्हणजे मतभेद आहेत. वाचक तिकडेच जाईल. ‘मतपरिवर्तन’ हा शब्द एकाने दुसऱ्याचे करायच्या गोष्टीला अधिक शोभतो. मी साधेपणाने ‘मॅनिकी मत सोडले’ असे लिहीन.

आणि मत सोडले म्हणजे तो ख्रिस्ती झाला असेही नव्हे. 384 मध्ये तो मिलानला वक्तृत्वाचा अध्यापक म्हणून गेला, बिशप अँब्रोजची प्रवचने ऐकू लागला, प्लेटोच्या परंपरेतले ग्रंथ लॅटिन भाषांतरातून वाचू लागला. दुष्टावा हे स्वतंत्र तत्त्व नसून चांगल्याचा अभाव आहे, ही मानीच्या उलट असलेली भूमिका त्याला तिथे गवसली. बुद्धीची अडचण मिटली, तरी पाऊल पुढे पडेना. ‘मला संयम दे, पण इतक्यात नको’ ही त्याची तरुणपणीची प्रार्थना याच संदर्भात त्याने नोंदवली आहे. 386 च्या उन्हाळ्यात मिलानच्या बागेत तो रडत असताना शेजारून मुलाचा की मुलीचा आवाज आला, ‘उचल, वाच, उचल, वाच’, त्याने पौलाचे पत्र उघडले आणि रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायातल्या दोन ओळी वाचून थांबला.

या प्रसंगाचे वर्णन संपवताना तो देवाला उद्देशून जे वाक्य लिहितो, त्याचा मराठीत सरळ अर्थ ‘कारण तू मला तुझ्याकडे वळवलेस’ असा होतो. कर्ता देव, कर्म मी. लॅटिन क्रियापदाचा मूळ अर्थ वळवणे हाच आहे, आणि मराठी बायबलमध्येही ‘देवाकडे वळणे’ हा प्रयोग रुळलेला आहे. ‘धर्मांतर केले’ म्हटले की कर्ता ऑगस्टीन होतो आणि नेमके तेच त्याला मान्य नव्हते.

हा व्याकरणाचा कीस वाटू नये, कारण मानीला सोडण्याचा गाभाच कर्ता कोण या प्रश्नात आहे. मॅनिकी असताना आपल्याला कशाचे सुख होते, हे तो स्पष्ट सांगतो : पाप आपण करत नाही, आपल्यातली कोणती तरी दुसरी प्रकृती करते, असे मानल्यामुळे दोष अंगाला लागत नसे. बागेतल्या घालमेलीचे वर्णन करताना तो हे मुद्दाम उलटवतो. दोन इच्छा झगडत होत्या म्हणून दोन प्रकृती होत्या असे नव्हे. ‘हवे म्हणणारा मीच होतो, नको म्हणणाराही मीच होतो’. म्हणजे पापाचा कर्ता ‘मी’, आणि वळवण्याचा कर्ता देव. मानीने पहिली जबाबदारी काढून घेतली होती ती त्याने परत घेतली, आणि दुसरे श्रेय स्वतःकडे ठेवले नाही.

पुढची हजार-दीड हजार वर्षे पश्चिमेकडचा ख्रिस्ती विचार या दोन वाक्यांभोवती भांडत राहिला. ‘तू जे आज्ञापितोस ते दे, आणि तुला हवे ते आज्ञाप’ हे ‘कन्फेशन्स’मधले वाक्य रोममध्ये कोणी उद्धृत केल्यावर तिथला ख्रिस्ती तपस्वी पेलाजियस भडकला, असे ऑगस्टीननेच लिहून ठेवले आहे, सगळे देवच देणार असेल तर माणसाने प्रयत्न कशाला करायचा, हा पेलाजियसचा आक्षेप मला आजही फेटाळण्याजोगा वाटत नाही. 418 मध्ये त्याचे मत अधिकृतपणे निषिद्ध ठरले. त्यानंतर इटलीतल्या एक्लानमचा बिशप आणि पेलाजियसचा समर्थक ज्युलियन याने ऑगस्टीनवर वर्मी घाव घातला : माणूस जन्मतःच आदिपापाने, म्हणजे आदामाकडून आलेल्या पापाने, बिघडलेला आहे असे म्हणणारा हा गृहस्थ अजून मॅनिकीच आहे. ऑगस्टीनचे उत्तर असे की प्रकृती मुळात चांगली निर्माण झाली आणि नंतर बिघडली, मानीच्या मते ती मुळातच वाईट होती. फरक खरा आहे, पण वासना आणि जन्म यांच्याकडे पाहण्याची त्याची सावध, काहीशी धास्तावलेली दृष्टी पाहिली की ज्युलियनला ती शंका का आली ते समजते. या वादातले शेवटचे पुस्तक अपुरे असतानाच, व्हँडल टोळ्यांनी तो जिथे बिशप होता त्या हिप्पो शहराला वेढा घातलेला असताना, 28 ऑगस्ट 430 रोजी ऑगस्टीन वारला. 1505 मध्ये त्याच्या नावाच्या संघात संन्यासी म्हणून दाखल झालेल्या आणि पुढे प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने हाच कर्त्याचा प्रश्न पुन्हा उकरून काढला, हे सर्वपरिचित आहे.

तर लेखातले वाक्य दुरुस्त करायचे झाल्यास ते एका वाक्यात बसवण्याचा हट्ट सोडावा, कारण त्यात तीन वेगळ्या घटना कोंबल्या आहेत. ‘383 च्या सुमारास मॅनिकी मतावरचा त्याचा विश्वास उडाला, 386 मध्ये मिलानच्या बागेत त्याचे मनःपरिवर्तन झाले, 387 च्या ईस्टरला त्याने अँब्रोजकडून बाप्तिस्मा घेतला’ असे लिहिले की झाले. ‘हृदयपरिवर्तन’ टाळावे, राजकीय वापराने त्याला थोडा उपहासाचा वास लागला आहे. लेखक स्वतःच्या आवाजात लिहीत असेल तर ‘तो ख्रिस्ती श्रद्धेकडे वळला’ हे निर्दोष आहे. ऑगस्टीनचे म्हणणे सांगत असेल तर ‘वळवला गेला’ किंवा ‘देवाने त्याला वळवले’ असेच हवे. इथे कर्मणी प्रयोग अवजड वाटला तरी तो गाळू नये.