आधी ओट्यावर बस

जळगाव, आखाजीचा दुसरा दिवस

पोरी,

तुझ्या प्रबंधाचा आराखडा काल दुपारी वाचला. पोटात मांडे आणि आमरस, डोक्यावर पंखा, त्यामुळे मध्येच डोळा लागला असेल तर तो दोष तुझा नाही. पंधरा पानांत अमिग्डाला, म्हणजे मेंदूतला भावनांशी जोडलेला भाग, सात वेळा भेटला. ओट्यावर टेकलेलं माणूस मात्र एकदाही दिसलं नाही. विषय उत्तम आहे. जुन्या बांधणीला मेंदूविज्ञानाच्या नजरेतून तपासायचं आणि त्यातून राहणाऱ्याला बरं वाटेल असं बांधायचं, हे मला आवडलं. पण सुरुवात चुकलीय.

तू जोनास साल्क यांच्यापासून सुरू करतेस. पोलिओच्या लशीवर काम करून थकलेले साल्क इटलीतल्या असिसीच्या जुन्या मठात राहिले आणि तिथे आपलं डोकं मोकळं झालं, असं ते सांगत. पुढे त्यांनी वास्तुशिल्पी लुई कान यांच्याकडून कॅलिफोर्नियात ला होया इथे संशोधन संस्था बांधून घेतली. सॅन डिएगोत २००३ मध्ये वास्तुकलेसाठी मेंदूविज्ञानाची अकादमी निघाली, तिथेही ही गोष्ट आवडीने सांगतात. सांगू देत. ती एका माणसाची आठवण आहे. माझ्या आजीचं डोकं मुक्ताईच्या देवळात गेलं की दुखायचं थांबे, म्हणून मी कुणाच्या दवाखान्याला गाभारा काढून दिला नाही.

पुरावा हवा तर रॉजर उलरिच यांचा १९८४ चा निबंध घे, पण नीट वाच. पेनसिल्व्हेनियातलं एक रुग्णालय, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचे ४६ रुग्ण, त्यांच्या २३ जोड्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसायची, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना जोरदार वेदनाशामकं कमी लागली. एकच रुग्णालय, एकच आजार, मोजकी माणसं. त्यावरून ‘हिरवाई आजार बरा करते’ असं वाक्य तू लिहिलंयस, ते खोड. त्यापेक्षा हे बघ की रुग्ण झोपलेला होता. आपल्याकडे खिडकीचा सिल, म्हणजे तिची खालची कड, डोळे मिटून तीन फुटांवर घेतात. खाटेवर पडलेल्याचा डोळा जमिनीपासून अडीच फुटांवर असतो. बाहेर कडुनिंब असला तरी त्याला आभाळाचा तुकडा आणि समोरच्याची पाण्याची टाकी दिसते. सिल दोन फुटांवर आण, मजबूत ग्रील लाव आणि मग एकदा स्वतः त्या खाटेवर आडवी हो. माझ्या ऑफिसातली पोरं आडवी व्हायला लाजतात, म्हणून आजही मीच होतो.

आता माझी फजिती ऐक. वीसेक वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी मी दवाखाना बांधला. पुढचा सगळा दर्शनी भाग काचेचा, आणि तोंड पश्चिमेला. मासिकात तसं पाहिलं होतं आणि डॉक्टरांनाही शहरी वाटलं. पहिल्याच मे महिन्यात, पारा ४५ ला टेकलेला असताना, बघायला गेलो. आतल्या स्टीलच्या बाकांवर कुणी नाही. काचेला आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली. नातेवाईक सगळे मागच्या जिन्याखाली, सावलीत, पाण्याच्या माठाशी. एक म्हातारी सरकून मला जागा देत म्हणाली, “आठे बरं वाटस.” इथे बरं वाटतं. चार वर्षांच्या कॉलेजात मला जे कळलं नव्हतं ते त्या जिन्याखाली कळलं. पाठीला भिंत, डोक्यावर कमी उंचीचं छत आणि समोर येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवता येईल अशी मोकळी बाजू. भूगोलतज्ज्ञ जे. अॅपल्टन यांनी १९७५ मध्ये निसर्गदृश्यांबद्दल हेच मांडलं होतं: आपण दिसू नये, पण आपल्याला दिसावं, अशा जागी माणूस रमतो. आपली ओसरी दुसरं काय करते?

ओसरीचं आणखी एक काम आहे आणि तुझ्या आराखड्यात ते नाही. भर दुपारी उन्हातून थेट अंधाऱ्या खोलीत शिरलीस की क्षणभर आंधळी होतेस. बाहुली पटकन मोठी होते, पण डोळ्याचा पडदा अंधाराला पुरता सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, घरात अंगणातून ओट्यावर, ओट्यावरून ओसरीत, तिथून माजघरात जाताना उजेड पायरीपायरीने उतरतो. ओसरीत माणूस थांबतो, पाय धुतो, पाणी पितो, आणि तेवढ्यात डोळे निम्मे तयार होतात. धुळे जिल्ह्यातल्या बळसाण्याच्या जुन्या देवळांत जा. मंडपातून गाभाऱ्याकडे जाताना हाच उतार अंगावर घे. खिशात उजेड मोजणारं लक्स मीटर ठेव आणि दर चार पावलांवर आकडा लिही. या आलेखाची किंमत तुझ्या सोनेरी गुणोत्तराच्या सगळ्या प्रकरणापेक्षा जास्त असेल. (ते प्रकरण काढूनच टाक. लांबी-रुंदीचं ते ठरावीक प्रमाण असलेलं आयत कुठल्याही देवळावर बसवता येतं, रेघ जाड असली म्हणजे झालं.)

पण धाब्याच्या घरावर लट्टू होऊ नकोस. मी अशाच घरात वाढलो. चांगला उजेड आणि वारा ओट्यावर, आणि ओट्यावर पुरुष. आई मागच्या खोलीत चुलीपाशी. छतातल्या एका भोकातून जेवढं ऊन उतरेल तेवढ्यात ती भाकरी थापायची आणि धुराने तिचे डोळे कायम लाल. डोळ्यात बघण्याखेरीज दुसरं काम करणाऱ्या पेशी असतात, उजेड किती आहे ते मेंदूतल्या घड्याळाला कळवणाऱ्या. २००२ च्या सुमारास त्यांचा उलगडा झाला. सकाळचा भरपूर उजेड मिळाला की झोप-जागेचं चक्र जागेवर राहतं. ज्या बाईचा दिवस स्वयंपाकघरात जातो तिच्या वाट्याला तो उजेड कोणत्या वाड्याने दिला? तुझं विज्ञान इथे वापर. परंपरेला शाबासकी देण्यापुरतं ते वापरलंस तर त्याची गरजच नव्हती. घरात जास्तीत जास्त वेळ कोण असतं ते विचार आणि पूर्वेची खिडकी तिला दे.

छताच्या उंचीबद्दलचा २००७ चा प्रयोग, आठ फुटी छताखाली बारकाव्यांचा आणि दहा फुटी छताखाली मोकळा विचार, हा ठेकेदाराला सांगू नकोस. तो हसेल. दहा फुटांसाठी आपल्याकडे उन्हाळा हेच कारण पुरेसं आहे.

वाट सापडण्याचा मुद्दा मात्र वाढव. ओकीफ यांना १९७१ मध्ये उंदराच्या मेंदूत जागा ओळखणाऱ्या पेशी सापडल्या, मोझर दांपत्याला २००५ मध्ये जाळीसारखी आखणी करणाऱ्या, आणि २०१४ चं नोबेल तिघांत वाटलं गेलं. हे सगळं तू लिहिलंयस, पण आपल्या गावाला जोडलं नाहीस. धुळ्याच्या गल्ल्या आखीव, वर नंबर दिलेले, तरी तिथला माणूस पत्ता सांगताना देऊळ, पिंपळ, नाहीतर भेळवाला सांगतोच. आणि आपण रुग्णालयाचे चारही मजले एकाच क्रीम रंगात रंगवतो, मग डबा घेऊन आलेली आजी तिसऱ्याऐवजी दुसऱ्या मजल्यावर मुलाची खाट शोधत फिरते. प्रत्येक जिन्याच्या तोंडाशी वेगळी एक वस्तू ठेव. घंगाळ ठेव, जुनं दार ठेव, काहीही. बाण नकोत.

शेवटी तुझी ती मेंदूच्या लहरी मोजणारी टोपी. आत्ता मे महिन्यात आणू नकोस. घामाने सिग्नल सरकतो आणि ओसरीऐवजी घामाचाच आलेख मिळेल. डिसेंबरात आण. तेव्हाही लहर हलली म्हणजे माणूस सुखावला असं लिहू नकोस. मेंदूचा एकच भाग भीतीनेही जागा होतो आणि नवलानेही. टोपी काढल्यावर त्याला विचार, बरं वाटलं का, आणि तो खरंच किती वेळ तिथे बसून राहिला ते घड्याळात बघ.

त्याआधी पुढच्या आठवड्यात ये. एरंडोलच्या बाजूला माझ्या मावशीचं धाब्याचं घर अजून उभं आहे, पावसाळ्याआधी वर नवी माती टाकायचीय. पहाटे सहापासून ओट्यावर बसू आणि कोण कुठे, किती वेळ टेकतं ते लिहू. मावशी चहा देईल, प्रश्न जास्त विचारेल. येताना टेप आण. माझ्या टेपचे पहिले तीन इंच तुटलेत आणि ते वजा करायचं मी दर वेळी विसरतो.