पैसे फेडले, तरी सातबाऱ्यावर जप्तीचा बोजा

प्रश्न : औषधांच्या उधारीपोटी दुकानदाराने माझ्यावर हुकूमनामा मिळवला, द्राक्षबागेच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात जप्तीची नोंद आली. तीन महिन्यांपूर्वी सगळी रक्कम बँकेतून त्यांच्या खात्यावर भरली, त्यांनी स्टँपपेपरवर पावतीही दिली. तरी तलाठी बोजा कमी करत नाहीत.
— एक वाचक, तासगाव

उत्तर : तलाठ्यांचे बरोबर आहे. नुसत्या हुकूमनाम्याने (कोर्टाच्या निकालाने) जमिनीवर बोजा चढत नाही; दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी केलेल्या अर्जावर, कोर्टाने जप्ती केली म्हणून ही नोंद लागली. ती उतरायलाही कोर्टाचाच आदेश लागतो.

खरा धोका वेगळा आहे. कोर्टाबाहेर दिलेले पैसे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21, नियम 2 प्रमाणे दरखास्तीत नोंदले नाहीत, तर दरखास्त चालवणारे कोर्ट ते हिशेबात धरत नाही. पै न् पै फेडूनही बाग लिलावात निघू शकते. ऋणकोने स्वतः अर्ज करण्याची मुदत पैसे दिल्यापासून 30 दिवस; तुमची ती उलटली. मात्र हुकूमनामा ज्याच्या बाजूने आहे त्याने वसुली कळवायला ही मुदत आड येत नाही. म्हणून संबंध बरे आहेत तोवरच दुकानदाराकडून पुरशिस (कोर्टाला दिलेले लेखी निवेदन) दाखल करून घ्या. तिच्यात दरखास्त क्रमांक, व्याज-खर्चासह मिळालेली रक्कम, तारीख, बँकेचा व्यवहार क्रमांक आणि ‘जप्ती उठवण्यास हरकत नाही’ हे वाक्य हवेच.

पुरशिशीत गट नंबर विसरू नका. कोर्टाच्या आदेशात नुसते ‘दरखास्त निकाली’ आले, तर कोणत्या गटावरचा बोजा उतरवायचा हे कळत नाही आणि कागद परत येतो. जप्ती उठवल्याचे पत्र तहसीलदारांना पाठवावे, अशी विनंतीही त्याच वेळी करा. मग आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल तलाठ्यांकडे (आता ग्राममहसूल अधिकारी) द्या. फेरफार धरला जाईल, हरकतीचे 15 दिवस जातील, मंडल अधिकारी नोंद मंजूर करतील. तोपर्यंत बाग विकायचा विचारही नको; याच संहितेच्या कलम 64 प्रमाणे जप्तीनंतरची विक्री जप्तीतल्या मागणीपुढे टिकत नाही.

प्रश्न : भावाच्या देण्यासाठी आमच्या सामाईक गटावर जप्ती आली. माझा हिस्सा जाईल का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : देणे त्याचे एकट्याचे असेल तर त्याचाच हिस्सा विकला जाऊ शकतो. सातबारा, वारसाचे फेरफार जोडून त्याच कोर्टात आदेश 21, नियम 58 खाली हरकत घ्या, आणि आजच घ्या. लिलाव होऊन गेल्यावर ही हरकत ऐकली जात नाही. मुद्दाम उशीर केला असे दिसले तरी ती फेटाळली जाते.